आपल्या देवळातली गाणी कोणी बांधली?



गेल्या डिसेंबरात १९७९च्या दहावीचे आपण सगळे शाळेच्या पटांगणात जमलो, तेव्हा कार्यक्रमाआधी शेजारच्या देवळात मिस्सा झाली. अर्पणाच्या वेळी गायकवृंदाने गाणे सुरू केले आणि दुसऱ्या ओळीपासून मागच्या बाकांवरचे आपले पिकलेले आवाज त्यात मिसळले. पुस्तक कोणाच्याही हातात नव्हते. पंचेचाळीस वर्षांत कोण पुण्याला गेले, कोण आखातात, कोण कॅनडात. पण शब्द एकाचाही चुकला नाही. बाहेर आल्यावर आपल्यातल्या एकीच्या मुलीने विचारले, "हे गाणं कोणी लिहिलंय?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कोणीतरी म्हणाले, "जुनं आहे गं. पारंपरिक."

मी तिथेच उभा होतो. उत्तर मला ठाऊक होते, तरी बोललो नाही. घरी आल्यावर ते मनाला लागून राहिले. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा इतरांनी सहली, स्नेहसंमेलने, छड्या हे विषय घेतले. मी हा घेतला. आपल्या वर्गात हिंदू आणि मुसलमान मित्रही बरेच होते, म्हणून काही गोष्टी मुळापासून सांगतो. ज्यांना त्या पाठ आहेत त्यांनी सांभाळून घ्यावे.

नवे गाणे ही जुनीच रीत

मिस्सा म्हणजे आमची रविवारची उपासना. तिच्यात दोन प्रकारचे गायन असते. एक ठरलेल्या शब्दांचे. दयेची याचना, महिमागान, 'पवित्र, पवित्र' आणि 'देवाचे कोकरू' हे सगळ्या जगात तेच असते. चाल बदलता येते, शब्द बदलता येत नाहीत. वाचनानंतरचे स्तोत्रही बायबलमधलेच असावे लागते, त्याच्या जागी भक्तिगीत चालत नाही. दुसरा प्रकार प्रवेशाच्या, अर्पणाच्या आणि प्रभूभोजनाच्या वेळच्या गाण्यांचा. इथे धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने नवी रचना गाता येते. गावच्या माणसाला आपले काही घालायला जागा मिळते ती मुख्यतः इथे, आणि ठरलेल्या शब्दांच्या चालीत.

अशी नवी गाणी अलीकडचे खूळ आहे, असे आपल्याकडचे काही ज्येष्ठ अजून मानतात. इतिहास तसे सांगत नाही. ३८६ साली इटलीतल्या मिलान शहरात सम्राटाच्या आईने एक चर्च एरियन पंथाच्या हवाली करावे असा हट्ट धरला. बिशप अँब्रोज आणि त्यांचे लोक चर्च सोडून हलेनात. बाहेर सैनिक, आत दिवसरात्र जागणारी माणसे. दुःखाने आणि थकव्याने त्यांचा धीर खचू नये म्हणून अँब्रोज यांनी त्यांना पूर्वेकडच्या पद्धतीने स्तोत्रे आणि गीते गायला लावले. संत ऑगस्टीन त्या काळी त्याच शहरात होते. त्यांनी हे आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. अँब्रोज यांच्या गीतांची घडण साधी होती: ओळीत आठ अक्षरे, चार ओळींचे कडवे, अशी आठ कडवी. अक्षरे मोजून रचलेले, सामान्य माणसाला एका रात्रीत पाठ होईल असे गाणे. अभंग-ओवीच्या देशात हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे १२६४ साली पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी सुरू केला. नव्या सणाला नवी गीते हवी होती. ती संत थॉमस अक्वायनस यांनी रचली असे परंपरा सांगते. आपले आजोबा ज्या 'तांतुम एर्गो'ला डोळे मिटून मान डोलवत, ती त्यातल्याच एका गीताची शेवटची दोन कडवी. आज ज्याला आपण अतिप्राचीन म्हणतो, तेही एके काळी कोणीतरी सणाच्या निकडीने लिहून दिलेले नवे गाणेच होते.

छाटणीही वेळोवेळी झाली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ साली चवचाल संगीत चर्चबाहेर ठेवा असे बजावले. १५७०च्या मिस्साग्रंथात मध्ययुगात रचलेल्या असंख्य अनुक्रमगीतांपैकी फक्त चार उरली. म्हणजे वाद कधी 'नवे की जुने' एवढाच नव्हता. हे गाणे देवासमोर शोभते का, आणि लोकांना प्रार्थनेकडे नेते का, असा तो वाद होता.

सासष्टीतली ओवी

आपल्या भाषेत या गोष्टीची सुरुवात गोव्यात झाली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट १५७९ साली गोव्याला उतरले आणि उरलेले आयुष्य बहुतेक सासष्टीत राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी हाती काहीच नव्हते. ही उणीव त्यांनी स्वतः बोलून दाखवल्याचे ग्रंथातच आले आहे. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. मराठीच्या थोरवीच्या त्यांच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या होत्या आणि बाईंनी त्या फळ्यावर लिहिल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल.

मिस्सा अर्थातच लॅटिनमध्ये होई. पुराण वाचले जाई ते रविवारी-सणावारी, मिस्सा आटोपल्यावर, आणि घरोघरी. ओवीचे बळ असे की तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. ऐकणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळते. जात्यावर बसणाऱ्या बाईला त्यासाठी वेगळे शिक्षण लागत नव्हते.

त्याच ओवीवर पुढे संक्रांत आली. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. १७३६ साली इन्क्विझिशनने लग्नघरातल्या रीतिभाती आणि ओव्या गाण्यावर बंदी घातली. शंभर वर्षांपूर्वी धर्मगुरूने जो छंद हाती धरला, तोच आता संशयास्पद ठरला. तरी ख्रिस्तपुराण टिकले. जुन्या छापील आवृत्त्यांच्या प्रती नाहीशा झाल्या. लोकांनी हाताने केलेल्या नकला राहिल्या. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनीही त्या जपल्या, आणि १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले ते अशा नकलांवरूनच. वहीत उतरवून घेणाऱ्यांनी ते वाचवले, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

आपली वसई १५३४ ते १७३९ याच पोर्तुगीज राज्याचा उत्तरेकडचा मुलूख होती. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण गावोगावचे ख्रिस्ती लोक आणि त्यांची देवळे राहिली. चर्चला आपण अजून 'देऊळ' म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात सगळा इतिहास येतो. देवळात मात्र आणखी सव्वादोनशे वर्षे लॅटिनच चालले. घरात सामवेदी किंवा वाडवळी, शाळेत मराठी, वेदीवर लॅटिन. माझी आजी म्हणायची, "फादर त्यांचं म्हणायचे, आम्ही आमची रोझरी म्हणायचो. देवाला दोन्ही समजायचं."

ओबर्नडॉर्फचा शाळामास्तर

इथे थोडा वेळ दूरच्या एका गावात जाऊ या, कारण तिथली गोष्ट आपल्या गोष्टीशी अगदी जुळते. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ ओबर्नडॉर्फ नावाचे गाव आहे. १८१८च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथले तरुण साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर आपली एक कविता घेऊन फ्रान्झ ग्रुबर यांच्याकडे गेले. दोन आवाज आणि गिटार यांसाठी चाल लावून द्या म्हणाले. ग्रुबर शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावी शाळामास्तर होते आणि ओबर्नडॉर्फच्या देवळात ऑर्गन वाजवत. त्यांनी त्याच दिवशी चाल बांधली आणि त्या रात्री गाणे देवळात गायले गेले. जगभर नाताळात गायले जाणारे 'सायलेंट नाइट' ते हेच.

पुढे तिरोल प्रांतातल्या फिरत्या गायक कुटुंबांनी ते गावोगाव नेले आणि १८३०च्या दशकात ते 'अस्सल तिरोली लोकगीत' म्हणून छापले गेले. कर्त्यांची नावे गळाली. कोणी ते थोर संगीतकारांच्या नावावर खपवू लागले. अखेर १८५४ साली बर्लिनहून विचारणा झाली, तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या ग्रुबर यांनी गाणे कसे झाले त्याची हकीगत स्वतः लिहून दिली. मोर तोवर वारले होते. मोर यांच्या हातची प्रत तर १९९५ साली सापडली; तिच्यावर शब्द मोर यांचे आणि चाल ग्रुबर यांची अशी स्पष्ट नोंद आहे.

एका शाळामास्तराने एका गावासाठी एका दिवसात केलेले गाणे. ते सगळ्यांचे झाले, आणि सगळ्यांचे झाले म्हणूनच त्याचे राहिले नाही.

दोन दस्तऐवज, साठ वर्षांचे अंतर

विसाव्या शतकात चर्चच्या संगीताला दोन मोठी वळणे मिळाली. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, गायकांची संरक्षक संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताचे नियम घालून दिले. त्या काळी इटलीत मिस्सेचे गायन ऑपेरासारखे झाले होते, त्याला त्यांनी लगाम घातला. ग्रेगोरियन गायन हा सर्वोच्च आदर्श ठरला. नव्या रचनांना त्यांनी दार बंद केले नाही. त्या जितक्या या आदर्शाच्या जवळ जातील तितक्या त्या देवळाला योग्य, असे माप दिले. पण गंभीर उपासनाविधीत लोकभाषेत गायला मनाई राहिली, पियानो आणि ढोलताशे बाहेर गेले, आणि स्त्रियांना गायकवृंदात जागा नव्हती. आपल्या वर्गातल्या ज्या मुलींनी नाताळच्या रात्री देऊळ दणाणून सोडले, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

दुसरे वळण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्याचे सहावे प्रकरण संगीतावर आहे. ग्रेगोरियन गायनाचा मान तिथेही कायम आहे. पण ११९व्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या धर्मजीवनात आणि समाजजीवनात ती मोठे काम करते. तिला योग्य मान आणि स्थान द्यावे. १२१वा परिच्छेद संगीतकारांसाठी आहे: मोठ्या गायकवृंदांसाठीच नव्हे, लहानांसाठीही रचना करा, सगळ्या समुदायाला सहभागी होता येईल अशा करा; आणि शब्द श्रद्धेशी सुसंगत, मुख्यतः बायबल आणि उपासनाग्रंथ यांतून घेतलेले असू द्या.

पुढच्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल आले. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी त्यांना ओव्हल मैदानावर दुरून पाहिले होते. त्या सुमारास अंधेरीच्या ज्ञानआश्रमात जर्मनीहून आलेले फादर जॉर्ज प्रॉक्श हिंदीत भजने आणि नृत्यनाट्ये रचत होते. लोक त्यांना ज्ञानप्रकाश म्हणत. १९६९ साली आरती, अंजली, जमिनीवर बसणे अशा बारा भारतीय रूपांतरांना रोमने मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या आगमनकाळापासून नवा मिस्साग्रंथ लागू झाला. आपण त्या साली पहिलीत होतो.

आपल्या गावात काय झाले

परवानगी आली, पण गाणी कुठे होती? मिस्सा मराठीत झाल्याचा आनंद पहिल्या काही रविवारी झाला आणि मग गायकवृंद अडला. सोपा उपाय म्हणून इंग्रजी गीतांच्या चालींवर मराठी शब्द बसवले गेले. ते नीट बसेनात. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर जोर येतो आणि चालीचा ठोका तिथे पडतो. मराठीत तसा जोर नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आहे. त्यामुळे 'दयाळू'मधला 'द' लांबे आणि 'या' अर्ध्या मात्रेत चिरडे. म्हाताऱ्या बायका तोंड मिटून बसत. शेजारच्या प्रॉटेस्टंट मराठी मंडळींची स्थिती बरी होती. नारायण वामन टिळकांसारख्या कवीने शतकाच्या आरंभीच त्यांना अभंगाच्या वळणाची गीते दिली होती. आपल्याकडे ते काम आता सुरू व्हायचे होते.

ते आपल्या गावात ज्यांनी केले, ते आपले गाण्याचे सर. गाव त्यांना पेटीमास्तर म्हणे. ते मराठी शिकवत, शनिवारी शेवटच्या तासाला गाणी घेत, आणि रविवारी सकाळी देवळात पेटी वाजवत. त्यांचे नाव इथे मुद्दाम छापत नाही; ते आपल्या सगळ्यांच्या ओठावर आहे, आणि नाव कुठे छापावे याबद्दल शेवटी एक विनंती करायची आहे.

पेटीवरूनच पहिले भांडण झाले. "भजनाची पेटी देवळात नको," असे गावातल्या काही कर्त्या माणसांनी फादरांना सांगितले. गंमत अशी की हार्मोनियम जन्माने पॅरिसची, १८४२ साली तिचे पेटंट घेतले गेले; आणि त्याच देवळात लॅटिन मिस्सेला कित्येक वर्षे पायपेटी वाजत होती. तीच पेटी जमिनीवर ठेवून हाताने भाता मारला की परधर्माची झाली! फादरांनी एका रविवारच्या प्रवचनात ११९वा परिच्छेद समजावून सांगितला. तरी दोन कुटुंबे वर्षभर शेजारच्या धर्मग्रामात मिस्सेला जात राहिली. हा राग खोटा नव्हता. ज्या लॅटिन सुरांत त्यांनी आईबापांना पुरले होते, ते सूर एका रविवारी बंद झाले होते, आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते.

सर गाणी कशी करत, हे मी जवळून पाहिले, कारण पाचवीपासून मी त्यांची पेटी वाहून नेत असे. आधी ते त्या रविवारचे वाचन वाचत. मग शब्द लिहीत, बोटांवर अक्षरे मोजत. चाल नेहमी खालच्या पट्टीत ठेवत, म्हणत, "सकाळी सातला कुळंबीण आणि कोळीण ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात तिला गाता आलं पाहिजे. आपण तिला गायला बोलावतोय, ऐकायला नाही." धृपद समुदायाला, कडवी गायकवृंदाला. अर्पणाचे गाणे अर्पण होईपर्यंतच. गाणे संपत नाही म्हणून फादर वेदीवर ताटकळले, असे होता कामा नये.

लिहिलेले शब्द ते फादरांना दाखवत. एकदा प्रभूभोजनाच्या गाण्यात त्यांनी ओळ लिहिली होती: "भाकर ही तुझी आठवण." फादर म्हणाले, "मास्तर, आठवण फोटोचीसुद्धा असते. इथं तो स्वतः आहे, असं आपण मानतो." सर रागावले नाहीत. व्हरांड्यात फेऱ्या मारून परत आले आणि लिहिले: "भाकर नव्हे, तूच आपण." दहा अक्षरांच्या जागी दहा अक्षरे. ती ओळ आपण सगळ्यांनी शेकडो वेळा गायली. तिच्यामागे अशी एक दुपार होती.

सिनेमाच्या चालीला त्यांचा ठाम नकार असे. आठवीत आपल्यातल्या एकाने नाताळसाठी गाजलेल्या फिल्मी चालीवर गाणे करून आणले. सर म्हणाले, "छान आहे. शाळेच्या गॅदरिंगला म्हण. देवळात ही चाल लागली की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरो येईल, बाळ येशू येणार नाही." पण ज्या अर्पणगीताने हा लेख सुरू झाला, त्याची चाल त्यांनी आपल्याकडच्या एका लग्नगीतावरून घेतली होती, मुलगी सासरी निघते तेव्हाच्या. पहिल्यांदा ते देवळात लागले तेव्हा बायका पदराआड हसल्या आणि शेवटच्या कडव्याला रडल्या. मी धीर करून विचारले, "सर, मग हे चालतं आणि सिनेमाचं का नाही?" ते म्हणाले, "हे गाणं आपल्या घरचं आहे. आणि त्यात देऊन टाकणं आहे. अर्पण म्हणजे तरी दुसरं काय?"

माझी चूक

आता मी गप्प का राहिलो ते सांगतो. १९९४ साली गायकवृंदाची जबाबदारी माझ्याकडे होती. सायक्लोस्टाइलच्या जुन्या पुस्तिका फाटल्या होत्या, म्हणून नवी छापायची ठरली. टंकलेखन मी केले. प्रत्येक गाण्याखाली कवी-संगीतकाराचे नाव टाकायचे होते. सरांच्या गाण्यांपाशी आलो आणि अडखळलो. अर्पणगीताची चाल लग्नगीताची, मग खाली काय लिहायचे? वेळ कमी होता. मी 'पारंपरिक' लिहिले. तिथेच थांबलो असतो तर निभावले असते. पण एकसारखे दिसावे म्हणून त्यांच्या अकराही गाण्यांखाली तेच लिहिले. बाकीच्या दहांच्या चाली पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत त्यांच्या होत्या.

पुस्तिका घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चश्मा लावून पाने उलटली. एका पानावर थांबून म्हणाले, "पारंपरिक? बरं झालं. लोकांनी आपलं मानलं म्हणजे." आणि आत चहा सांगितला. ते खरेच समाधानाने म्हणाले की मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येत नाही. पुढे ती पुस्तिका इतर गावांत गेली, तिच्यावरून आणखी प्रती निघाल्या आणि 'पारंपरिक' हा शब्द पक्का झाला. सर २००३ साली गेले. ग्रुबर यांना हकीगत विचारणारे पत्र तरी आले. आपल्या सरांना मी ते कधी लिहिले नाही.

कोणी म्हणेल, भक्तिगीताला नाव कशाला हवे? देवासाठी केले, देवाला पोचले. हे म्हणणे हलके नाही. सरांनी स्वतःच्या वहीवरही कधी सही केली नव्हती. पण नाव गेले की नावाबरोबर आणखीही जाते. मोजून लावलेली दहा अक्षरे जातात, खालची पट्टी का ठेवली ते जाते. आज काही ठिकाणी मोबाइलवरच्या तयार संगीतावर मिस्सेची गाणी होतात. पट्टी इतकी उंच की समुदाय ऐकत उभा राहतो. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गावच्या देवळासाठी गावच्या माणसाने गाणे करायचे असते, आणि ते असे करायचे असते, हे त्यांना कोणी सांगितले? 'पारंपरिक' म्हटले की ते आकाशातून पडलेले वाटते. एका शिक्षकाने शनिवारच्या दुपारी, फळ्याजवळच्या खुर्चीत बसून ते केले, असे कळले तर एखादी मुलगी म्हणेल, मीही करून पाहते.

एक विनंती

सरांची मूळ वही त्यांच्या घरच्यांनी शोधली. ती एका पावसाळ्यात माळ्यावर भिजून गेली. माझ्याकडे त्या अकरा गाण्यांचे शब्द आहेत. पण ती तेवढीच नव्हती, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शनिवारच्या तासाला आपण ती आपापल्या वह्यांत उतरवून घ्यायचो; ज्याच्या वहीत शुद्धलेखनाची चूक, त्याला सर ते कडवे पुन्हा लिहायला लावत. त्या वह्या कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या माहेरी, कोणाच्या मिस्साग्रंथात घडी घालून अजून असतील. ख्रिस्तपुराणाच्या मूळ प्रती गेल्या आणि नकला राहिल्या, तसे इथेही होऊ शकते.

तेव्हा शोधा. कागद सापडला नाही तर जेवढे आठवते तेवढे फोनवर गाऊन पाठवा. एक कडवे, एक धृपद, नुसती चालसुद्धा चालेल. ज्या गुरुजनांनी सरांबरोबर काम केले, त्यांनी कुठले गाणे कुठल्या सणाला झाले ते सांगावे. पुढच्या नाताळच्या आधी नवी पुस्तिका काढायची आहे, फादरांची संमती मिळाली आहे. टंकलेखन पुन्हा मीच करणार आहे. दहा गाण्यांखाली 'शब्द आणि चाल' आणि अकराव्याखाली 'शब्द. चाल लग्नगीतावरून' असे लिहून पुढे सरांचे पूर्ण नाव टाकायचे आहे. त्यांच्या नावाची अक्षरे मोजली. ओळीत व्यवस्थित बसतात.